मुलींनी मुलींना सांगायची गोष्ट



मुलगी शाळेतून आली की आपण आधी तिचा डबा उघडून पाहतो. भाजी टाकली का, पोळी तशीच परत आणली का, सगळी चौकशी होते. पाण्याची बाटली मात्र आपण मोरीत रिकामी करतो नि पालथी घालून मोकळ्या होतो. आज एवढंच करा, ओतण्याआधी बाटलीत पाणी किती उरलंय ते पाहा. सकाळी गळ्यापर्यंत भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येत असेल, तर तो विसरभोळेपणा समजू नका. पुष्कळ मुली शाळेत ठरवून पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि शाळेत जायचं त्यांना नको असतं.

जरा घड्याळ मांडून बघू या. शाळा अकराची. साडेदहाला घरातून निघताना मुलगी एकदा जाऊन येते. पाचला शाळा सुटते, तिथून शिकवणी, घरी पोचेपर्यंत सात वाजतात. झाले की नाही साडेआठ तास? पुरेसं पाणी पिणाऱ्या माणसाला एरवी तीन-चार तासांनी जावंसं वाटतं. साडेआठ तास थांबायचं तर एक तर तहान मारायची, नाहीतर कळ सोसायची. मुली दोन्ही करतात. नोकरीनिमित्त लोकलनं नाहीतर एस्टीनं जाणाऱ्या मैत्रिणींना हे समजावून सांगायला नको. त्याही वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत.

मग एक दिवस मुलगी सारखी मोरीकडे जाऊ लागते. थेंब-थेंब होते, आग होते, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ दिसते. आजी म्हणते, "उन्हाळी लागली. सब्जा द्या, धन्याचं पाणी द्या." सब्जाबद्दल माझी तक्रार नाही. त्या निमित्तानं पोटात पाणी जातं आणि थोडं बरं वाटतं. पण ही नुसती उष्णता नव्हे. बहुतेक वेळा हा लघवीच्या मार्गात शिरलेल्या जंतूंचा उपद्रव असतो, आणि जंतूंना सब्जाचं भय नाही.

चार सेंटिमीटरची वाट

हे जंतू कुठून येतात? बहुतेक आपल्याच आतड्यातून. त्यांतला मुख्य म्हणजे ई. कोलाय. थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी १८८५ साली त्याचं वर्णन केलं. आतड्यात तो सुखानं नांदतो, त्रास देत नाही. मात्र गुदद्वाराजवळून सरकत तो लघवीच्या जागेशी पोचला आणि आत चढला की दुखणं सुरू होतं. पुरुषांची मूत्रनलिका साधारण वीस सेंटिमीटर लांब असते. बायकांची जेमतेम चार. त्यात दोन्ही दारं जवळजवळ. म्हणून हा त्रास मुलींना नि बायकांना मुलग्यांपेक्षा कितीतरी अधिक होतो.

निसर्गानं यावर उपायही ठेवला आहे. प्रत्येक वेळी लघवी होते तेव्हा ती वाट धुऊन निघते. चुकून चढलेले जंतू वाढण्याआधीच बाहेर पडतात. दिवसाकाठी पाच-सहा वेळा होणारी ही धुलाई आपणच दोनवर आणली, तर जंतूंना आयतंच बिऱ्हाड मिळतं.

पाण्याचा उपयोग किती, याचा हिशेबही झालेला आहे. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा हा त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पेयं घेणाऱ्या १४० प्रौढ स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याजणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं होतं. वर्षभरात नेहमीसारखं पाणी पिणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळा त्रास झाला, तर जादा पाणी पिणाऱ्यांना १.७ वेळा. औषध नाही, पथ्य नाही. नुसत्या पाण्यानं दुखणं निम्म्यावर आलं.

भीती उलट्या दिशेची

आता मुलींच्या मनातलं सांगते. "शाळेच्या संडासात गेलं की इन्फेक्शन होतं," असं एकीनं म्हटलं की ते वर्गभर पसरतं. म्हणून त्या जात नाहीत. गंमत पाहा, जे टाळण्यासाठी जायचं नाही, तेच न गेल्यानं होण्याचा संभव वाढतो! लघवीच्या या दुखण्याचे जंतू संडासाच्या भांड्यावरून उडी मारून येत नसतात. सांगितलं ना, ते बहुतेक आपल्याच अंगातले. घाणेरडा संडास वाईटच. त्यानं किळस येते, हात नीट धुतले नाहीत तर जुलाबाचे रोग पसरतात. तो स्वच्छ झालाच पाहिजे. पण तो होईपर्यंत दिवसभर दाबून धरणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुलींना आणखी एक खोड असते. भांड्याला अंग लागू नये म्हणून अर्धवट उभ्यानं, घाईघाईत उरकायचं. त्यानं मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतूंची पैदास होते. आपल्याकडचं उकिडवं बसायचं भांडं या बाबतीत चांगलं. नीट बसावं, कुंथू नये, सावकाश होऊ द्यावं.

आपण सांगून का पटत नाही?

तुम्ही म्हणाल, "अहो, हे तर मी तिला शंभरदा सांगितलंय, पाणी पी म्हणून." सांगितलं असेल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आईनं सांगितलेली गोष्ट एका कानानं ऐकायची असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपणही त्या वयातून गेलो आहोत. शिवाय आईला कुठे माहीत असतं की मुलींच्या संडासाच्या तिसऱ्या दाराला कडी नाही, नि चौथ्यात पाणी येत नाही? बाई "मधल्या सुट्टीत काय करत होतीस?" म्हणून सगळ्यांदेखत विचारतात आणि मागच्या बाकावरची मुलं हसतात, हे तिनं घरी येऊन सांगितलेलं नसतं. हे ठाऊक असतं तिच्या बरोबरीच्या मुलींना. म्हणून या विषयावर दहावीतली मुलगी आठवीतल्या मुलीला जे सांगू शकते, ते तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही.

ही कल्पना माझी एकटीची नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला. गावातल्याच काही मुलामुलींना तयार करायचं आणि त्यांनी बरोबरीच्यांशी आरोग्याबद्दल बोलायचं, अशी योजना त्यात आहे. या मुलामुलींना 'साथिया' म्हणतात. तुमच्या गावात ते काम चालू आहे का, हे आशाताईंना विचारा. नसेल तर महिला मंडळानं, सोसायटीतल्या चारजणींनी किंवा एखाद्या उत्साही बाईंनी मनावर घेतलं तरी पुरे. खर्च म्हणाल तर एक दोऱ्याचं रीळ.

अर्धा तास आणि एक दोरा

दोन मुली निवडा, नववी-दहावीतल्या. पहिला नंबर काढणारीच हवी असं नाही. जिच्यापाशी इतर मुली मन मोकळं करतात, आणि जी ऐकलेलं चारचौघींत सांगत सुटत नाही, ती हवी. त्यांना एखाद्या डॉक्टरीणबाईंकडे किंवा परिचारिकेकडे तासभर बसवून नीट माहिती करून द्या. मग एखाद्या शनिवारी आठवी-नववीच्या दहा-बाराजणी एकत्र बसवा. मुलगे नकोत, शिक्षक नकोत आणि, राग मानू नका, आया तर मुळीच नकोत.

दोघींनी सुरुवात दोऱ्यानं करावी. पट्टी लावून चार सेंटिमीटरचा दोरा कापायचा नि प्रत्येकीच्या हातात द्यायचा. "एवढीच वाट आहे बघ, आतपर्यंत जायची." अर्ध्या तासाच्या भाषणानं जे डोक्यात शिरणार नाही, ते या तुकड्यानं शिरतं. मग प्रत्येकीनं आपलं घड्याळ मांडायचं. शेवटचं कधी गेले, परत कधी जाते, मधे किती तास. कुणी मोठ्यानं सांगू नये. आपापल्या वहीच्या मागच्या पानावर लिहावं. आकडा पाहून मुली स्वतःच चपापतात.

त्यानंतर पाच गोष्टी सांगाव्यात. पाचच, जास्त सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

१. दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी, उन्हाळ्यात नि खेळाच्या दिवशी त्याहून थोडं अधिक. शाळेतली बाटली शाळेतच संपवायची. पुरतंय की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असली तर ठीक. कोऱ्या चहासारखी गडद झाली तर पाणी कमी पडतंय. (जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग एरवीही गडद पिवळा दिसतो, त्याला घाबरू नये.)

२. तीन-चार तासांनी जायचंच, लागलेली असो वा नसो. झाल्यावर लगेच उठू नये. पाच आकडे मोजावेत आणि आणखी होते का पाहावं.

३. धुताना पाणी पुढून ओतावं, हात पुढून मागे न्यावा. मागून पुढे कधीही नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. सुगंधी साबण, जंतुनाशकं, जाहिरातीतले वॉश यांची गरज नाही. त्यांनी नाजूक कातडी चुरचुरते. चड्डी सुती असावी, रोज बदलावी.

४. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा कपडा चार ते सहा तासांनी बदलावा. कपडा वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावा. इतर कपड्यांच्या आड, अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. ओडिशात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धुऊन पुन्हा वापरायचा कपडा घेणाऱ्या स्त्रियांत अशा संसर्गाच्या तक्रारी पॅड वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळल्या होत्या.

५. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि लघवी पुरती होत नाही. भाजी, फळं, भाकरी खावी, आणि सकाळी शाळेच्या घाईत शौचाची वेळ चुकवू नये.

शेवटी एक रिकामा डबा ठेवावा. विचारायची लाज वाटते ते प्रत्येकीनं चिठ्ठीवर नाव न घालता लिहावं. चिठ्ठी कोरी असली तरी सगळ्यांनी टाकावी, म्हणजे कुणी विचारलं ते कळत नाही. उत्तर येत असेल तर द्यावं. येत नसेल तर "विचारून सांगते" म्हणावं, आणि खरंच विचारून सांगावं.

सोबतीचं काम

एवढ्यावर थांबलं तर ते व्याख्यानच झालं. मैत्रिणीचा खरा उपयोग पुढे आहे. दाराला कडी नाही? दोघींनी मिळून जायचं. एक आत, एक दाराशी. बाईंनी तासाला सोडलं नाही? चारजणींनी मिळून, तास नसताना, बाईंना भेटून सांगायचं. एकीला जे बोलवत नाही ते चौघींना बोलवतं. खेळाच्या तासानंतर सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचं नि मिळून जायचं, म्हणजे लाजायला कुणी उरतच नाही. केरळमधल्या शाळांत २०१९ साली पाण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात झाली. घंटा झाली की सगळ्या वर्गानं पाणी प्यायचं. तुमच्या शाळेत ही घंटा नसेल, तर मुलींनी आपल्यापुरती ठरवायला कोण अडवतंय?

सांगणाऱ्या मुलींनी काय करू नये, हेही त्यांना पक्कं सांगा. गोळी द्यायची नाही. "माझ्या ताईला या गोळीनं बरं वाटलं," म्हणून उरलेली पाकिटं एकमेकींना देण्याची आपल्याकडे भारी हौस. अँटिबायोटिक चुकीचं किंवा अर्धवट घेतलं तर जंतू त्याला सरावतात आणि पुढच्या खेपेला ते औषध लागू पडत नाही. आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही, कधीच नाही.

मात्र दोन गोष्टी पोटात ठेवायच्या नाहीत; लगेच मोठ्या, विश्वासू बाईमाणसाच्या कानावर घालायच्या. पहिली: हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त. ताप, पाठदुखी नि उलट्या म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शंका असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रक्त दिसलं तरीही. दुसरी: नको तिथे कुणी हात लावतो, त्रास देतो, असं मैत्रिणीनं सांगितलं तर. त्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकीला पाठ हवा.

आणि आपलं काम

मुलींनी मुलींचं करायचं म्हणजे आपण हात झटकायचे असं नाही बरं का.

मुलीला जळजळ सुरू झाली, की दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. ते लघवी तपासायला सांगतील, कधी कल्चरही सांगतील. बाहेरून स्वच्छ धुऊन, सुरुवातीची लघवी सोडून मधली बाटलीत धरायची असते. कल्चरसाठीची लघवी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायची. कोणता जंतू नि त्याला कोणतं औषध, हे कळायला दोनेक दिवस लागतात. औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरं करा. आग थांबली म्हणून मधेच सोडू नका. वारंवार होत असेल तर कारण शोधायला हवं, हे डॉक्टरांना आपणहून म्हणा.

आणखी एक, जे बोलायला अवघड, म्हणूनच बोलते. वयात आलेल्या, लग्न न झालेल्या मुलीला हा त्रास झाला की काही घरांत कुजबुज सुरू होते. "हिला हे कसं झालं?" म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. लग्नानंतर हा त्रास वाढू शकतो, हे खरं. पण तो तीन-चार वर्षांच्या पोरीलाही होतो नि सत्तरीच्या आजीलाही होतो. चार सेंटिमीटरच्या वाटेला वय नि लग्न विचारायची सवय नाही. आपण संशयानं पाहिलं, तर पुढच्या वेळी मुलगी सांगणारच नाही, आणि न सांगितलेलं दुखणं मूत्रपिंडापर्यंत जातं. यात धोका खरा कुठे असेल तर तो इथे आहे.

शाळेचं काय? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नि पिण्याचं पाणी असलंच पाहिजे. त्याच कायद्यात सरकारी नि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तिथे आपल्याला बसायला जागा आहे, मैत्रिणींनो. पुढच्या सभेला जा. इमारतीच्या रंगावर चर्चा चालली असेल तर चालू द्या, तुम्ही आपलं उठून विचारा, "मुलींच्या संडासाला कड्या किती, नळाला पाणी किती वाजेपर्यंत येतं, बादली-तांब्या आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का?" उत्तर समोर बसलेल्यांना ठाऊक नसेल. त्या दोन मुलींना ठाऊक असेल. यादी त्यांच्याकडूनच करून घेऊन जा.

एक कडी बसवायला पन्नास-शंभर रुपये नि दहा मिनिटं लागतात. तिच्यावाचून एखादी मुलगी पाच वर्षं तहानलेली राहते.

या आठवड्यात फार काही करू नका. आपल्या मुलीला, भाचीला, पुतणीला जवळ बसवून हा लेख तिच्या हातात द्या आणि आपण स्वैपाकघरात निघून जा. ती वाचील, मैत्रिणीला दाखवील. तुमच्याकडे अशा दोघीजणी तयार झाल्या, तर त्यांनी काय केलं ते आम्हाला अवश्य कळवा. नाव नको असेल तर तसं लिहा. पुढच्या अंकात वाढत्या वयातल्या मुलींचं रक्त का कमी होतं आणि लोखंडाच्या कढईचा त्याला कितपत उपयोग होतो, ते पाहू.